परसदार: गवताच्या दाटीत घुसणार कोण?



मागच्या खेपेला क्वीन्सलंडच्या निवडुंगाबद्दल आणि तो फस्त करणाऱ्या अर्जेंटिनाच्या पतंगाबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. बाहेरचं तण हटवायला बाहेरचाच किडा आणावा लागतो, मग इथल्या झाडझाडोऱ्यात स्वतःचा काही दम आहे की नाही? प्रश्न मला आवडला. उत्तर "आहे, पण" असं आहे, आणि त्या "पण"साठीच आजचा लेख.

सुरुवात ओळखीच्या पाहुण्यापासून करू. पुण्यात गाजर गवत पहिल्यांदा नजरेला आलं ते १९५५ साली, उकिरड्यांवर. आणि इथे क्वीन्सलंडमध्ये टूगूलावा नावाच्या गावाजवळ त्याची पहिली नोंद झाली, तीही १९५५ सालीच. आपल्याकडे खापर फुटलं अमेरिकन गव्हावर, आणि "काँग्रेस गवत" हे नाव चिकटलं ते चिकटलंच. (पीएल-४८० चा करार १९५६ चा. त्याआधीही अमेरिकन गहू येत होता म्हणा.) इथे ते १९६० साली पुन्हा आलं, क्लेरमाँटच्या बाजूला, टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यात मिसळून. या खेपेला मात्र ते हातपाय पसरून बसलं. ज्यांना लहानपणी मैदानावर खेळून आल्यावर अंगाला खाज सुटायची, त्यांना जास्त सांगायला नको.

आता गंमत बघा. मध्य क्वीन्सलंडमध्ये एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन रानं असतात. माती तीच, पाऊस तोच. एका कुंपणाआड गाजर गवताचा पांढरा फुलोरा, दुसऱ्या कुंपणाआड ते शोधावं लागतं. फरक बहुतेक वेळा गुरांच्या संख्येचा असतो. गुरं गाजर गवताला सहसा तोंड लावत नाहीत, चांगलं गवत तेवढं ओरबाडतात. भरमसाट चराई झाली की मधे उघडी जमीन पडते, आणि गाजर गवताच्या बीला नेमकी तीच हवी असते. म्हणून तिथला शेतीखात्याचा सल्ला फवारणीपाशी थांबत नाही. कुरण भरलेलं ठेवा, दुष्काळात गुरं वेळेवर कमी करा, हे ते आवर्जून सांगतात. क्वीन्सलंड विद्यापीठातले स्टीव्ह अॅडकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर कुठली गवतं आणि चाऱ्याची झाडं गाजर गवताला दाबतात याचे पद्धतशीर प्रयोग केले. त्यात जी दमदार निघाली त्यांत क्वीन्सलंड ब्लूग्रास हे इथलं मूळचं गवत आहे. आणि हे कुणाचं नातेवाईक? आपल्या मारवेलचं! एकाच प्रजातीतली ही दोन चुलत भावंडं. बांधावरचा मारवेल गाईला घालायला कापून आणणाऱ्या कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, त्यात काय विशेष, मारवेल दाट असला की दुसरं काही उगवतंच कुठे.

आपली बाजू फक्त सोसणाऱ्याची आहे असं मात्र समजू नका. उत्तर क्वीन्सलंडमध्ये ब्लॅक स्पिअरग्रास नावाचं मूळ गवत आहे, म्हणजे आपलं कुसळी गवतच, पायमोज्यात घुसणारं. ते दोन्ही देशांत मूळचं. १९८० च्या दशकातला दुष्काळ आणि जास्तीची गुरं यांनी ते मोडलं, आणि त्या जागी जे गवत पसरलं त्याचं नाव आहे "इंडियन काउच". तेव्हा पार्टीत कुणी ऑस्ट्रेलियन निलगिरीने आपल्या विहिरी आटवल्या म्हणून तावातावाने बोलायला लागलं, तर ही गोष्ट खिशात असू द्या.

या सगळ्यामागचा विचार जुना आहे. चार्ल्स एल्टन नावाच्या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञाने १९५८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की, जिथे अनेक जातींचा भरलेला संसार आहे तिथे परक्याला शिरकाव अवघड जातो. प्रत्येक थर, प्रत्येक ऋतू, प्रत्येक थेंब कुणीतरी आधीच वापरत असतो. आठ-बाराची डोंबिवली फास्ट आठवा. चौथ्या सीटवरसुद्धा माणूस बसलेला असतो, नवा येणार कुठे? पण हे वीतभर जमिनीवर जितकं खरं दिसतं तितकं मोठ्या प्रदेशावर दिसत नाही. मोठ्या पट्ट्यात जिथे देशी जाती भरपूर, तिथे बऱ्याचदा परदेशीही भरपूर, कारण चांगली माती आणि पाणी सगळ्यांनाच आवडतं. त्यामुळे "जैवविविधता राखा म्हणजे तण येणार नाही" असं सरसकट सांगणाऱ्या पोस्टरवर माझा विश्वास नाही. जागा भरलेली आहे का, आणि ती कोण रिकामी करतंय, हे बघावं लागतं.

सिडनीकरांना हे बघायला लांब जायला नको. उत्तर सिडनीचं बुश हॉक्सबरी सँडस्टोनवर उभं आहे. माती अतिशय गरीब, विशेषतः फॉस्फरसच्या बाबतीत. बँक्सिया, ग्रेव्हिलिआ ही मंडळी या गरिबीत मुरलेली. (आपल्याकडे बंगल्याबाहेर लावतात तो सिल्व्हर ओक म्हणजे ग्रेव्हिलिआच.) त्यांची मुळं झुपक्यासारखी असतात, मातीतून फॉस्फरसचा कण न कण ओढून घेणारी. इतकी की जास्त फॉस्फरस मिळाला तर ती आजारी पडतात, मरतात सुद्धा. प्रिव्हेट, लँटाना, ट्रॅड, आपल्या शतावरीची जातबहीण असलेली अॅस्परॅगस फर्न, ही सगळी खात्यापित्या घरची पोरं. त्यांना या रेताड उपवासात राहवत नाही. मॅक्वारी विद्यापीठात मिशेल लीशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात बराच अभ्यास केलाय. त्यातून दिसतं ते असं की, न छेडलेल्या, गरीब मातीच्या बुशमध्ये परदेशी झाडं जवळजवळ शिरतच नाहीत. ती दिसतात पायवाटेच्या कडेला, खणलेल्या जागी, आणि सगळ्यात जास्त स्टॉर्मवॉटरच्या पाइपाच्या तोंडाशी.

आणि त्या पाइपात काय येतं? आपल्या लॉनचं खत, गाडी धुतलेलं साबणाचं पाणी, कुत्र्याची घाण, गवताच्या कापण्या. टेकडीवर घर आणि खाली बुश अशी ज्यांची रचना आहे त्यांनी एकदा मागच्या बाजूने चालत खाली जाऊन बघावं. पाइपाखाली हिरवागार, रसरशीत पट्टा दिसेल, आणि त्यात देशी झाड औषधाला नसेल. दोन्ही बाजूंना वीस पावलांवर खरबरीत, राखट, काटेरी, "दुष्काळी" बुश दिसेल. आपल्या डोळ्यांना पहिला पट्टा सुंदर वाटतो. कोकणातून आलेल्या माणसाला तर वाटणारच. माझ्या मते डोळ्यांची ही सवय बदलणं हे इथे आलेल्या माणसाचं खरं नागरिकत्व, बाकी समारंभ कौन्सिलमध्ये होतोच.

आता वादाकडे येतो. आमच्या भागात क्रीकच्या काठाला एक छोटा पट्टा आहे, तिथे मी बुशकेअर गटाबरोबर महिन्यातून एक रविवार जातो. खालच्या निम्म्या भागात लँटाना. तीच आपली घाणेरी, टणटणी. तिने ऑस्ट्रेलियात चाळीस लाख हेक्टरहून अधिक जमीन व्यापलीय असा सरकारी अंदाज आहे. आमच्या मंडळातल्या एका उत्साही मित्राने प्रस्ताव आणला: चाळीस माणसं जमवू, एका रविवारी सगळी घाणेरी साफ करू, टी-शर्ट छापू, नंतर पोहे. हेतू चांगला, पोहेही चांगले. मी मात्र विरोध केला, आणि त्याचं कारण मोसमनच्या दोन बहिणी.

जोन आणि आयलीन ब्रॅडली. टरोंगा झूच्या शेजारचं अॅश्टन पार्क हा त्यांचा रोजचा फिरायचा रस्ता. (तिथल्या ब्रॅडलीज हेडशी त्यांच्या नावाचा संबंध नाही, ते पहिल्या आरमारातल्या एका अधिकाऱ्याचं नाव.) १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की, माणसं लावून झाडोरा सपाट कापला की काही महिन्यांत तण दुप्पट जोमाने येतं. मग त्या स्वतः फिरता फिरता हाताने तण उपटायला लागल्या, आणि त्यातून त्यांनी तीन नियम बसवले. पहिला, चांगल्या बुशपासून सुरुवात करा आणि वाईटाकडे सरका, उलटं नाही. दुसरा, माती कमीत कमी हलवा, आणि पालापाचोळा होता तसा परत पसरा. तिसरा सगळ्यात अवघड: देशी झाडं ज्या वेगाने परततात त्याच वेगाने तण काढा, त्याहून जास्त नाही. रोपं लावायची नाहीत. जमिनीत बी असतंच, त्याला जागा द्यायची आणि वाट बघायची. आयलीन १९७६ मध्ये गेली, जोन १९८२ मध्ये. त्यांचं "ब्रिंगिंग बॅक द बुश" हे पुस्तक निघालं १९८८ मध्ये. तोवर न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टने ही पद्धत उचललेली होती. आज इथल्या कौन्सिलांचे जे बुशकेअर गट दिसतात त्यांच्या कामाच्या मुळाशी या दोघी आहेत.

थोडक्यात, ब्रॅडली बहिणींच्या दृष्टीने तणाशी खरी लढाई देशी झाडं लढतात. माणसाने फक्त सीमेवरचं ओझं थोडं हलकं करायचं. एका दिवसात सगळी घाणेरी काढली तर उन्हात उघडी पडलेली, पायांनी तुडवलेली जमीन उरते. पहिल्या पावसानंतर तिथे आधी कोण येणार? पाइपातून बी आलेलंच असतं. शिवाय त्या घाणेरीच्या जाळीत निळ्या फेअरी-रेनची आणि रिंगटेल पॉसमची घरं असतात. देशी झुडपं नाहीशी झाल्यावर त्यांनी परक्या घरात भाड्याने राहायला सुरुवात केलेली. सगळी जाळी एकदम काढली तर शेजारच्या मांजरांना मेजवानी. आणखी एक आकडा मी मित्राला सांगितला. न्यू साउथ वेल्सच्या ओल्या नीलगिरी जंगलांत केलेल्या एका अभ्यासात दिसलं की, घाणेरीचं आच्छादन साधारण ७५ टक्क्यांपर्यंत असेतो देशी जाती बऱ्यापैकी टिकून असतात, त्यापुढे त्या झपाट्याने घसरतात. म्हणजे जिथे अजून निम्मी-अर्धी घाणेरी आहे तिथे आधी जायचं. आपण मात्र नेहमी सगळ्यात भयानक दिसणाऱ्या कोपऱ्याकडे धावतो, कारण फोटो तिथेच चांगला येतो.

मित्राचं उत्तरही ऐका, कारण ते चूक नाही. "तुझ्या वेगाने गेलं तर माझ्या नातीच्या लग्नापर्यंत शंभर मीटर होतील." ब्रॅडली पद्धतीवर हीच टीका तज्ज्ञांनीही केली आहे. ती फार सावकाश आहे, आणि जिथे जमिनीत देशी बीच उरलेलं नाही तिथे ती चालत नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण राहतात तो पश्चिम सिडनीचा भाग, ब्लॅकटाउन, सेव्हन हिल्स, टूनगॅबी, असाच आहे. तिथे चिकणमातीवर कंबरलँड प्लेन वुडलँड होतं. त्याचे आता तुकडे तुकडे उरलेत, आणि २००९ पासून केंद्र सरकारच्या यादीत ते अतिधोक्यात आहे. शतकभर गुरं, मग खतं, मग प्लॉट. तिथे नुसती वाट बघून काय परतणार?

पण अशा जागीही झाडोऱ्यालाच परत उभं करायचा एक प्रयोग झालाय, आणि मला तो फार आवडतो. सुझान प्रोबर, केव्हिन थील, इयन लंट आणि सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात, जुन्या वुडलँडच्या खराब झालेल्या तुकड्यांवर चक्क साखर टाकली. दर तीन महिन्यांनी, चौरस मीटरला अर्धा किलो! साखर मिळाली की मातीतले जिवाणू बेसुमार वाढतात आणि वाढताना मातीतलं नायट्रेट शोषून घेतात. परदेशी हंगामी तणं नायट्रेटवर जगणारी, ती खुरटतात. त्या सवडीत कांगारू ग्रासचं बी टाकलं. आणि मुख्य म्हणजे, कांगारू ग्रास एकदा दाट रुजल्यावर मातीतलं नायट्रेट ते स्वतःच कमी ठेवतं. पुढे साखर लागत नाही. म्हणजे हे गवत नुसती जागा अडवत नाही, घरातला शिधाच आवरून ठेवतं. आगंतुकाला वाढायला काही उरतच नाही.

एवढं असूनही कांगारू ग्रासला आग लागते. व्हिक्टोरियाच्या पठारावरच्या गवताळ रानांत दहा-अकरा वर्षं जाळलं नाही, तर हे गवत स्वतःच्याच वाळक्या पेंढ्याखाली गुदमरून मरायला लागतं, आणि मेलेल्या ठोंबाच्या जागी तण शिरतं. हजारो वर्षं ही आग वेळच्या वेळी देणारी माणसं इथे होती. ती हटवली गेली. गोऱ्यांनी ज्याला "नैसर्गिक" कुरण समजून मेंढ्या सोडल्या ते कुणीतरी सांभाळलेलं होतं. त्यामुळे "इथल्या झाडझाडोऱ्यात दम आहे का" या प्रश्नात अॅबोरिजिनल समाज धरावाच लागतो. आता ठिकठिकाणी त्यांच्या देखरेखीखाली थंड, बुटकी आग पुन्हा दिली जाते आहे. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आपल्याकडचं राब भाजणं आठवलं, अर्थात हेतू वेगळा.

एक देशी योद्धा मात्र खरोखर हल्ला करतो. अॅडलेडजवळच्या माउंट लॉफ्टी डोंगरात कॅसिथा नावाची परजीवी वेल आहे. दिसायला थेट आपली अमरवेल, पिवळट-हिरवे दोरे झाडाला वेटोळे घातलेले. पण कूळ वेगळं. अमरवेल रताळ्याच्या कुळातली, ही दालचिनी-तमालपत्राच्या. अॅडलेड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की, ही वेल युरोपातून आलेल्या गॉर्स आणि ब्रूम या काटेरी-झुडपी तणांना जेवढं पिळते तेवढं देशी झुडपांना पिळत नाही. देशी झाडांनी या शेजारणीबरोबर लाखो वर्षं काढलीत, त्यांना तिची खोड माहीत आहे. नवख्याला नाही. निवडुंगाच्या पतंगासाठी अर्जेंटिनाला जावं लागलं, ही तर घरचीच. पण ती पसरते सावकाश.

शेवटी "पण"चा मोठा भाग, उत्तरेकडचा. एकोणिसाव्या शतकात आशियातून आणलेल्या म्हशी टॉप एंडच्या पूरमैदानांत रानटी झाल्या. त्यांनी पाणथळीतलं गवत चरून, लोळून चिखल केला. त्या उघड्या चिखलात मायमोसा पिग्रा, आपल्या लाजाळूची डोक्याहून उंच काटेरी बहीण, घुसली आणि सुमारे ८०० चौरस किलोमीटर व्यापून बसली. तिथे दम होता, म्हशींनी तो मोडला. काकडूत मात्र एक छोटी तुकडी १९८० च्या दशकापासून एकेक रोप शोधून उपटते आहे, आणि उद्यान बरंचसं वाचलं आहे. गांबा ग्रासची गोष्ट याहून वाईट. हे आफ्रिकेतलं चार मीटर उंच गवत, गुरांसाठी मुद्दाम आणलेलं. त्याची आग देशी गवताच्या आगीच्या आठपटीपर्यंत प्रखर होते आणि झाडंच मारते. ज्या आगीवर इथला झाडोरा पोसला, तीच आग हे गवत त्याच्यावर उलटवतं. २००८ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीने ते तण म्हणून जाहीर केलं, पण तोवर फार उशीर झाला होता. अशा ठिकाणी देशी गवताच्या भरवशावर बसा असं मी कुणाला सांगणार नाही. तिथे औषध मारावंच लागतं.

आमच्या पट्ट्याचं काय ठरलं ते सांगतो. चाळीस माणसं येणार आहेत. त्यातली आठ सुपरवायझर बाईंबरोबर वरच्या, चांगल्या बाजूने फक्त दहा मीटर घाणेरी काढतील. बाकीची मंडळी पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा उपसतील आणि वरच्या तीन गल्ल्यांत घरोघरी जाऊन, गवताच्या कापण्या कुंपणापलीकडे टाकू नका आणि पावसाच्या आदल्या दिवशी लॉनला खत घालू नका, हे सांगतील. मित्र अजून नाराज आहे, पण टी-शर्टचा रंग त्यानेच निवडलाय. येणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे आणि बंद बूट घालावेत. टिक्स आहेत, घरी गेल्यावर मान आणि कानामागे तपासा. मागच्या वर्षी साफ केलेल्या तुकड्यात लोमँड्राची रोपं आपणहून आली आहेत, बोटभर उंचीची, साध्या गवतासारखी दिसणारी. त्यांच्याभोवती निळ्या फिती बांधल्यात. कृपया त्यावर चटई अंथरू नका.